जिभाऊ, बाराशेचा आकडा सोड

अमळनेर,
८ डिसेंबर

प्रिय जिभाऊ,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री आपलं बोलणं चालू असताना मागून वहिनींचा आवाज आला, "दुकानात चक्कर आली होती, ते नाही सांगणार तुम्हाला." तू लगेच कापसाच्या भावावर गेलास. मी तेव्हा गप्प राहिलो. फोनवर आकडे सांगायला लागलो की तू "हो भो, हो" म्हणून मोकळा होतोस, म्हणून आज शाळा सुटल्यावर कागद घेऊन बसलोय. सावकाश वाच.

लेकीचं लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, तोवर बारा किलो उतरवायचे, मोबाइलने दिवसाला १,२०० कॅलरी सांगितल्या आणि तीन आठवडे तू त्या पाळतोयस. सकाळी अर्धी बशी पोहे, दुपारी एक भाकरी, रात्री काकडी. तुझ्या जिद्दीबद्दल मला कधीच शंका नव्हती. पण हा आकडा तुझा नाही. तुझी उंची, वय, कामाचा प्रकार, यातलं काहीच त्याला माहीत नाही. तू घाईचं उत्तर मागितलंस आणि त्याने सगळ्यात खालचा आकडा पुढे केला.

तुझा हिशेब मी काल रात्री केला. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांनी १९९० मध्ये मांडलेलं सूत्र आहे, आहारतज्ज्ञ आजही तेच वापरतात. वजनाला १० ने गुणायचं, उंचीच्या सेंटिमीटरला ६.२५ ने, दोन्हींची बेरीज करायची, त्यातून वयाची पाचपट वजा करायची आणि पुरुष असेल तर ५ मिळवायचे. (बाईमाणूस असेल तर ५ मिळवण्याऐवजी १६१ वजा करायचे.) तुझं वजन ८४, उंची १६८, वय ४७. म्हणजे ८४० अधिक १,०५० वजा २३५ अधिक ५. उत्तर १,६६०. दिवसभर गादीवर नुसता पडून राहिलास तरी हृदय, फुप्फुसं, मेंदू, मूत्रपिंडं चालवायला तुझ्या शरीराला एवढं लागतं. आणि तू त्याला १,२०० देतोयस! वर दुकान उघडतोस, खताच्या गोण्या मोजून घेतोस, उधारीसाठी गावोगाव फिरतोस. चक्कर येणारच रे.

आता पुढचं. बैठं काम असेल तर त्या आकड्याला १.२ ने गुणतात, थोडी हालचाल असेल तर १.३७५ ने. बैठ्या हिशेबाने तुझे जवळजवळ २,००० होतात आणि थोड्या हालचालीने २,२८०. तू संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर चालतोस म्हणून मी मधला, जरा वरच्या बाजूचा २,२०० धरला. त्यातून ४०० कमी कर. तुझं उद्दिष्ट १,८००. वजन आहे तिथेच राहायला लागतात त्यापेक्षा ही चारशेची तूट, तीच काम करते. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ४०० म्हणजे आठवड्याला २,८००, म्हणजे आठवड्याला साधारण साडेतीनशे ग्रॅम. तुला हे फारच थोडं वाटेल. वाटू दे. पुरुषाने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय १,५०० च्या खाली आणि बाईने १,२०० च्या खाली जाऊ नये, असं सगळेच सांगतात. तुझा मोबाइल तुला बाईसाठीच्या शेवटच्या पायरीवर उभं करून बसलाय.

एक गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. दुसरं महायुद्ध चालू असताना अमेरिकेत, मिनेसोटाला, अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं उभं करायचं हे शोधायचं होतं, आणि ती मुलं स्वखुशीने पुढे आली होती. २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १,५७० च्या आसपास कॅलरी दिल्या, शिवाय आठवड्याला २२ मैल चालायला लावलं. मुलं चिडचिडी झाली, खिन्न झाली, हातपाय गार पडू लागले, दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरा विचार सुचेना. ती तरुण होती, अंगावर चरबी नव्हती, चालणंही पुष्कळ होतं, म्हणून तुझी त्यांच्याशी बरोबरी करत नाही. तरी शास्त्रज्ञांनी ज्याला अर्धी उपासमार म्हटलं तो आकडासुद्धा तुझ्या १,२०० पेक्षा मोठा होता, हे विसरू नकोस. वहिनी म्हणतात तू हल्ली पोरांवर खेकसतोस. तुझा स्वभाव तसा नाही, पोटाचा तो आवाज आहे.

मी हे भोगलंय, तुला पूर्ण कधी सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी माझी साखर काठावर आली, वजन ८० होतं. मी घाबरलो आणि असाच एक छापील तक्ता धरला. ऐन मे महिना, पारा पंचेचाळिसाला टेकलेला. एकोणिसाव्या दिवशी मावसभावाच्या मुलाच्या लग्नात वरण-बट्टी होती. पानावर बसलो आणि मोजायचं भानच राहिलं नाही. बट्टी कुस्करून वर तूप, घोटलेली वांग्याची भाजी, पुन्हा बट्टी, पुन्हा तूप. त्या रात्री मला इतकं अपराधी वाटलं की दुसऱ्या दिवसापासून सगळंच सोडलं. महिन्याभरात उतरलेलं सगळं परत आलं. आई तेव्हा होती. ती एवढंच म्हणाली, "पोटले मारीसन काम व्हत नही, भाऊ."

मग पावसाळ्यात नव्याने सुरुवात केली. या वेळी गरजेपेक्षा फक्त साडेतीनशे कमी. आठ महिन्यांत ८० चे ७४ झाले. कागदावरच्या हिशेबाने दहा-अकरा किलो यायला हवे होते, आले सहा. कारण वजन उतरतं तशी शरीराची गरजही उतरते, आपण मोजण्यात चुकतो, आणि काही दिवस मोडतातच. पण ते सहा किलो दोन वर्षं झाली, परत आलेले नाहीत, आणि साखर काठावरून मागे गेली. अमेरिकेत मधुमेहाच्या काठावर असलेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढंच उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुझ्या वजनाचे सात टक्के म्हणजे सहा किलो होतात. पाच टक्के म्हणशील तर सव्वाचार. लग्नापर्यंत चार-पाच किलो उतरले तर मी पेढे घेऊन भुसावळला येईन. त्या बाराचं ओझं टाक.

आता स्वयंपाकघरात ये, कारण खरी लढाई तिथे आहे.

आमच्याकडे १५ किलोचा तेलाचा डबा किती दिवस पुरतो हे मी कधी मोजलं नव्हतं. हिने मोजलं. चार माणसं, अडीच महिने. भागाकार करून बघ, माणशी रोज ५० ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी. म्हणजे माणशी ४५० कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि त्या ताटात दिसतही नाहीत. आपण भाकरी अर्धी करतो, उपाशी उठतो, आणि भाजीवरच्या तर्रीकडे बघतसुद्धा नाही. हिने बाटलीतून धार धरणं बंद केलं आणि चमच्याने मोजून घालायला लागली. आता तोच डबा चार महिने जातो, म्हणजे माणशी ३० ग्रॅम. रोजच्या १८० कॅलरी गेल्या आणि कुणाच्या पोटाला कळलंही नाही. तुझ्या चारशेतली जवळजवळ निम्मी तूट इथेच निघते. वहिनींना आजच डब्यावर तारीख लिहून ठेवायला सांग.

भरताचंच बघ. अर्धा किलो भाजलेल्या वांग्यात जेमतेम सव्वाशे कॅलरी. तुरकाट्यांवर भाजलं, बडगीत ठेचलं, कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, इथपर्यंत तुला हवं तेवढं खा. पण फोडणीला चार मोठे चमचे तेल गेलं की ४८० वाढल्या, आणि मूठभर शेंगदाण्यांच्या १७०. वांग्याच्या पाचपट त्याच्या सोबत्यांच्या! भरीत सोडू नको, हिवाळ्यात ते सोडणं म्हणजे खान्देशात राहून काय उपयोग. तेल दीड चमचा घाल, दाणे मोजून घाल, आणि पुरीऐवजी कळण्याची भाकरी घे.

भाकरी मात्र एकदा काट्यावर तोलून बघ. आपल्याकडची भाकरी ऐसपैस असते. आमच्याकडे एकीला ९० ग्रॅम पीठ जातं, म्हणजे तीनशेच्या आसपास कॅलरी. दुपारी एक, रात्री एक, हे तुझ्या १,८०० मध्ये आरामात बसतं. पुस्तकातली "एक भाकरी" आणि आपली भाकरी एक नाही, एवढं ध्यानात ठेव. आणि ताटात डाळ वाढव, कमी करू नकोस. वजन उतरताना स्नायूही झिजतात. ते राखायला प्रथिनं लागतात, तुझ्यासाठी दिवसाला ७०-८० ग्रॅम तरी. पन्नास ग्रॅम कोरड्या तूरडाळीतून ११ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून ६. मटकी, हरभरे, दही, ताक, आणि वहिनींच्या हातचे फुनके! वाफवलेली डाळ, तेल नावाला, वर कढी. एवढा चांगला पदार्थ घरात असताना तू रात्री काकडी का खातोस?

शेवभाजी महिन्यातून एकदा. मनापासून खा, पण ढाब्यावर नको, घरी कर. शेव आधीच तळलेली, वर रश्श्याला तेल, एका वाटीत चार-पाचशे सहज जातात.

दुकानातल्या चहाबद्दल तुला राग येईल, तरी लिहितो. दिवसाला पाच, प्रत्येकात दोन चमचे साखर. ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी, दूध वेगळंच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या कॅलरींचा दहावा हिस्साही येऊ नये. तुझ्या १,८०० ला ते ४५ ग्रॅम होतात, आणि तू फक्त चहातच त्यापुढे जातोस. साखर निम्मी कर. पंधरा दिवसांत जिभेला सवय होते.

लग्नसराईचं काय, हा तुझा खरा प्रश्न आहे, हो ना? हिशेब दिवसाचा न ठेवता आठवड्याचा ठेव. १,८०० गुणिले सात, १२,६००. एखाद्या दिवशी बट्टीच्या पंगतीत २,६०० गेल्या तर उरलेल्या सहा दिवसांना १,६६० च्या वर येतात, ते जमण्यासारखं आहे. उपाशी राहून भरपाई करू नकोस, आणि एका पंगतीमुळे सगळं बुडालं असं तर मुळीच मानू नकोस. मी तिथेच हरलो होतो.

काट्यावर रोज चढत असशील तर ते बंद कर. जेवणातलं मीठ, पोट साफ झालं की नाही, एवढ्यानेही एक-दीड किलो इकडेतिकडे होतं. पहिल्या आठवड्यात तुझे जे दोन किलो गेले त्यात बहुतेक पाणीच होतं. आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. सोबत बेंबीवरून कंबर मोज. आपल्याकडच्या पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत असावी, बायकांची ८०. चार आठवडे प्रामाणिकपणे मोजून वजन जागचं हललं नाही तर माझा २,२०० चा अंदाज तुझ्यासाठी जास्त आहे असं समज आणि शंभराने खाली ये, फार तर दीडशेने. सूत्र म्हणजे फक्त सुरुवात, खरं उत्तर तुझा काटा देईल. आणि चार किलो उतरल्यावर हिशेब पुन्हा मांड, तेव्हा रोजच्या पन्नासेक कॅलरी कमी लागतील.

उद्या सकाळी पोट भरून नाश्ता कर, एवढं माझं ऐक. पुढच्या रविवारी मळ्यात भरीत आहे. नऊच्या आत ये, आधी बोरीच्या काठाने तासभर चालू, मग वांगी भाजायला बसू. तुझी कंबर मोजायला टेप मी आणतोय.

तुझा,
बापू

ता. क. वहिनी पण तुझ्याबरोबर कमी खायला लागल्यात असं ऐकलं. त्या मधुमेहाच्या गोळ्या घेतात. काही गोळ्या अशा असतात की जेवण कमी झालं आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर एकदम खाली जाते, हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घाससुद्धा कमी करायचा नाही. हे आजच सांग त्यांना, पत्र खाली ठेवायच्या आधी.