सुपरनोव्हाची बातमी आली, पण भांडण कशावर आहे ते राहिलंच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

'विश्वाचा विस्तार मंदावतोय' ही बातमी तुमच्या पेपरात वाचली, हेडिंग झकास, पण हे कोण म्हणतंय, कशावरून म्हणतंय याचा पत्ताच नाही.

१९९८ मध्ये दोन टीमना लांबचे टाइप वन-ए सुपरनोव्हा (एका ठरावीक प्रकारचे ताऱ्यांचे स्फोट) हिशेबापेक्षा साधारण २५ टक्के फिके दिसले, फिके म्हणजे जास्त लांब, म्हणजे विस्ताराचा वेग वाढतोय, आणि २०११ चं नोबेल त्याच कामाला. पण यात एक गोष्ट धरून चाललेत, की नेहमीच्या दुरुस्त्या केल्या की आजचा आणि पाच अब्ज वर्षांपूर्वीचा सुपरनोव्हा मुळात सारखाच प्रखर. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर रात्री उभं राहून ट्रॉलरच्या दिव्यांवरून अंतर काढायचं तर सगळ्यांचे दिवे सारखे पाहिजेत ना, लांबच्यांचेच बारीक असले तर सगळा हिशेब बोंबलला.

नेमकं हेच कोरियाच्या योन्सेई विद्यापीठातले यंग-वूक ली २०२० पासून म्हणतायत. तरुण ताऱ्यांच्या गॅलेक्सीतले सुपरनोव्हा दुरुस्तीनंतरही थोडे फिके निघतात, आणि लांब बघायचं म्हणजे जुना काळ बघायचा, तेव्हा तारे तरुणच, म्हणजे तो फिकेपणा फक्त अंतराचा नसून वयाचाही असू शकतो. २०२५ मध्ये त्यांच्या टीमने सुमारे ३०० गॅलेक्सींची वयं काढून हेच परत मांडलं, 'मंदावतोय' हे त्यावरूनच आलं. उलट दुसऱ्या एका टीमने २०२० मध्येच तपासून सांगितलं होतं की वय धरलं तरी वेगवाढ टिकते. गॅलेक्सीच्या वस्तुमानावरून एक दुरुस्ती तर आधीपासून करतातच, त्यात वयाचा परिणाम कितपत येऊन गेला यावर खरी मारामारी आहे.

मला ली यांचं निदान जरा घाईचं वाटतं, कारण डार्क एनर्जी (विस्ताराचा वेग वाढवते असं मानतात ती अज्ञात ऊर्जा) पाहिजे हे सुपरनोव्हा बाजूला ठेवूनही, विश्वाच्या आरंभीच्या प्रारणावरून आणि गॅलेक्सींच्या मांडणीवरून निघतं. पण त्यांची टेस्ट मात्र एकदम सरळ: जवळचे काय आणि लांबचे काय, फक्त तरुण गॅलेक्सीतलेच सुपरनोव्हा घ्यायचे आणि ताडून बघायचे, वयाची भानगडच नको. आता चिलीतल्या रुबिन वेधशाळेतून नवे सुपरनोव्हा ढिगाने मिळणार, तेव्हा ही टेस्ट नीट होईल.

तो निकाल आला की तोही छापा, आणि हेडिंगपेक्षा बातमी मोठी ठेवा.

आपला,
एक वाचक, फोंडा