पोळ्याचा बैल पोरांच्या हातचा असू द्या

महोदय,

पोळा जवळ आला की जिल्हा परिषदेच्या शाळांत मातीच्या बैलांची स्पर्धा लागते. सकाळी टेबलावर जे बैल मांडले जातात, त्यांतले निम्मे वडिलांनी किंवा काकांनी केलेले असतात हे बघताक्षणी कळते. उरलेल्यांचे पाय मोडलेले असतात. मग पुढच्या वर्षी शाळा साचे आणते, नाहीतर रंगीत क्लेची पाकिटे. मुलांना जमत नाही, असा त्यावर निष्कर्ष निघतो. दोष मुलांचा नसतो. माती चुकीची असते, आणि मोठ्यांचे हात मध्ये येतात.

आपल्या यवतमाळ-अमरावती-अकोल्याकडची वावरातली काळी माती ओली असताना लोण्यासारखी वळते, म्हणून फसवते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते. उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा बैलाच्या पाठीवर पडतात. शिवाय कपाशीच्या वावरात फवारणी झालेली असते, म्हणून तिथली माती मुलांच्या हातात देऊच नये. तलावाचा, बोडीचा (लहान तळ्याचा) गाळ उत्तम. भंडारा-गोंदियात मामा (माजी मालगुजारी) तलावांमुळे तो गावोगाव मिळतो. मात्र पोळ्याच्या वेळी तलाव भरलेले असतात, तेव्हा गाळ एप्रिल-मेमध्ये, पाणी आटल्यावरच काढून पोत्यात भरून ठेवावा लागतो. सांडपाण्याच्या नाल्याचा नको.

तीस मुलांना दहा किलो वाळलेला गाळ पुरतो. ढेकळे फोडून, पूर्ण वाळवून मगच पाण्यात टाकावीत. अर्धवट ओले ढेकूळ आतपर्यंत पाणी घेत नाही आणि त्याच्या गाठी राहतात. दोन दिवस न ढवळता भिजू द्यावे, मग कालवून जुन्या सुती लुगड्यातून गाळावे. कोरडी माती वर्गात चाळू नये, ती धूळ छातीत जाते. गाळलेला चिखल खाली बसून पाणी निवळले की वरचे पाणी काढून टाकावे आणि खालचा लगदा कोरड्या विटांवर पसरलेल्या बारदान्यावर टाकावा. हाताला चिकटेनासा झाला की त्यात बारीक चाळलेली वाळू मिसळून कणकेसारखा तिंबावा. गाळाला साधारण पाचास एक वाळू, आणि काळ्या मातीवाचून गत्यंतरच नसेल तर तिनास एक.

हे प्रमाण डोळे मिटून पाळू नये, माती गावागणिक बदलते. पेन्सिलीएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळावी. ती तुटली तर वाळू जास्त झाली. दुसरीकडे एक पट्टी करून तिच्यावर बरोबर दहा सेंटिमीटरवर दोन खुणा कराव्यात आणि सावलीत वाळवावी. खुणांतले अंतर नऊ सेंटिमीटरच्या खाली गेले तर वाळू वाढवावी.

आता पायांचे. बहुतेक ठिकाणी पायात तुराटीची काडी खुपसायला सांगतात. पाय मोडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. माती आकसते, काडी आकसत नाही, आणि पाय उभा चिरतो. त्यापेक्षा मुठीएवढ्या एकाच गोळ्यातून चारही पाय चिमटीने ओढून काढावेत, अंगठ्याएवढे जाड. शिंगे, वशिंड वेगळे जोडायचे असेल तर दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. दोन्हीकडे बाभळीच्या काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, पातळ चिखल लावावा आणि किंचित हलवत दाबावे. नुसते पाणी लावून चिकटवलेले शिंग वाळल्यावर हमखास गळते. पाण्याची वाटी मुलांपुढे ठेवूच नये. मुले सारखी बोटे बुडवतात, वरचा थर पातळ होतो आणि तोच आधी तडकतो. ओले फडके पुरे.

वाळवणे सावलीत, पंख्याखाली नाही. शिंगे आणि कान पातळ असल्याने आधी वाळतात, त्यांवर पहिले दोन दिवस ओलसर कापड टाकावे. पावसाळी हवेत पाच-सहा दिवस सहज लागतात, म्हणून आदल्या दिवशी बैल करायला लावणे व्यर्थ. भाजायचे असल्यास कुंभाराच्या आव्यात, पोकळ करून, खाली छिद्र ठेवून आणि दोनेक आठवडे वाळवून. भरीव, ओलसर बैल वाफेने फुटतो आणि शेजारची मडकीही फोडतो.

एवढे झाल्यावर मोठ्यांनी हात मागे घ्यावेत, आणि हेच जड जाते. फळ्यावर बैल काढून दाखवू नये, नमुना टेबलावर ठेवू नये. ठेवला की तीसही मुले त्याचीच नक्कल करतात. बालवाडीतले मूल नुसते थापटते, वळ्या वळते, आणि आधी साप म्हटलेल्या वळीला नंतर रस्ता म्हणते. त्याला ‘हे काय केलंस?’ असे विचारले की ते आपल्या मनातले सोडून तुम्हाला पटेल असे नाव सांगते. ‘ही वळी इकडे कशी नेलीस?’ असे विचारून बघा. मग ते आपणहून बोलते. तिसरी-चौथीतले मूल शिंगे धडापेक्षा मोठी करते, कारण बैलात त्याला शिंगेच दिसतात. ती ‘सुधारू’ नयेत. आज कित्येक घरी गोठाच नाही. त्या मुलाने पोळ्याला ट्रॅक्टर केला तर गुण कापायचे कशासाठी? एखाद्याचा बैल बसकाच झाला तर बसू द्या, बैल बसतातही.

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी विकत आणले तर हरकत नाही, तो सण सजावटीचा आहे. मातीच्या बैलांची स्पर्धा मात्र बंद करून नुसते प्रदर्शन ठेवावे, नंबर न काढता. काम शाळेतच, शाळेच्या वेळेत व्हावे, म्हणजे घरच्यांचा हात लागत नाही. न भाजलेले काम पुन्हा भिजवून तीच माती नंतर भुलाबाईच्या (मुलींच्या सणाच्या) वेळी वापरता येते, पण हे मुलांना आधी सांगावे आणि ज्याला आपला बैल घरी न्यायचा असेल त्याला नेऊ द्यावा. हात धुतलेले पाणी बादलीत निवळू द्यावे. मोरीत ओतले तर नळी तुंबते आणि पुढच्या वर्षी मुख्याध्यापक मातीच आत येऊ देत नाहीत.

केंद्रप्रमुखांना एक विनंती आहे. गावातल्या कुंभाराला वर्षातून दोनदा शाळेत बोलवावे, आणि फुकट नव्हे, दिवसाच्या मजुरीएवढे तरी मानधन देऊन.

— एक कलाशिक्षक, जि. यवतमाळ