गुलमर्गच्या चाचांना, पाठीवरच्या त्या जोडीबद्दल

आदरणीय चाचा,

सलाम. तुम्हाला मराठी येत नाही आणि मला उर्दू लिहिता येत नाही. पण गुलमर्गला लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, तिथे एखादा साताऱ्याचा नाही तर कोल्हापूरचा जवान सापडेलच. त्याला नून चाय पाजा आणि हे वाचून घ्या. (खारट चहा बघून तो तोंड वाकडं करेल, तिकडे लक्ष देऊ नका.) ठाण्याला परतून आठ दिवस झाले, मांड्या अजून भरलेल्या आहेत, पण आत्ता लिहिलं नाही तर राहूनच जाईल.

तुमच्या भाड्याच्या स्कीच्या दुकानात मी आले ती रडकुंडीला येऊनच. शेहेचाळिसाव्या वर्षी स्की पायात घातल्या तेव्हा मला 140 सेंटिमीटरची जोडी मिळाली. माझी उंची 163, म्हणजे उभी धरली की हनुवटीला टेकायची. नवशिक्याला तेच बरोबर, त्याबद्दल तक्रार नाही. 2024 च्या जानेवारीत रजा टाकून आले तर बर्फच नव्हता, पिवळ्या गवताचे फोटो काढून परत गेले. पुढच्या खेपेला मात्र कोंगडोरीच्या उतारावर जरा वेग घेतला की स्कीची टोकं थडथड उडायला लागली. डबा हातात घेऊन लोकलमागे धावताना डब्यातले चमचे वाजतात ना, तसं. मला वाटायचं माझेच पाय लटपटतायत.

शिकवणाऱ्याला तीनदा विचारलं, जरा लांब स्की घेऊ का? तिन्ही वेळा एकच उत्तर: "मॅडम, आपकी उम्र में यही ठीक है." एकदाही माझं वळण बघून नाही, चेहरा बघून. यंदा दुसऱ्या एका दुकानात हट्टच धरला, तर त्यांनी उरलेली 170 ची जोडी पुढे सरकवली. मी पहिल्याच वळणावर बसले, आणि दुकानातला पोरगा "देखा?" म्हणून हसला. त्या "देखा"चं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

तुम्ही आधी वजन विचारलंत. मी 62 सांगितलं. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर तसाच हवेत धरून म्हणालात, "दीदी, ये पेच झूठ नहीं समझता." पडल्यावर बूट सुटायचा की पाय मोडायचा, ते त्या आकड्यावर ठरतं म्हणे. मग 68 सांगितलं. माझ्या नवऱ्यालाही हा आकडा माहीत नाही, आता हे पत्र वाचून कळेल. नंतर बुटाच्या टाचेवरचा 295 हा तळव्याच्या लांबीचा आकडा (मिलिमीटरमध्ये) फेरनच्या बाहीने पुसून वाचलात, बूट स्कीला पकडून ठेवणारी बाइंडिंग सरकवलीत आणि 154 ची जोडी समोर ठेवलीत. भुवईला लागत होती. माझं तोंड पडलेलं बघून तुम्ही त्या दोन्ही स्की तळाला तळ लावून चिकटवल्यात आणि टोकाकडच्या फटीत बोट घातलंत. पुढचं टोक आधीच उचललेलं असतं, एवढी लांबी सपाट बर्फाला टेकतच नाही, स्की कलली की मगच ती कामाला लागते. दोन वर्षं मी 14 सेंटिमीटरला घाबरत होते, आणि तुम्ही बोटभर फट दाखवून अर्धी भीती तिथेच काढून टाकलीत. वर म्हणालात, तुमच्या तरुणपणी हात वर केला की मनगटाला लागेल एवढी स्की असायची, दोन मीटरची.

मग दुकान भाच्यावर टाकून तुम्ही स्वतः वर आलात.

पहिली तीन वळणं मी जुन्याच सवयीने टाचा फिरवून मारली, आणि 154 ढिम्म हलेना. तुम्ही मागून ओरडलात, "मोड़ो मत, इंतज़ार करो!" चौथ्या वळणाला बाहेरच्या पायावर भार टाकला आणि गप्प राहिले. एक क्षण काहीच झालं नाही. मग स्कीची धारदार कड, एज, बर्फात धरली आणि स्कीनेच मला वळवलं. वळण मोठं, थडथड नाही, नुसता सर्र असा आवाज. उरलेला उतार कसा उतरले ते सांगत नाही, थोडी आरडाओरड झाली.

पण आभार मानायचे आहेत ते यासाठी नाही. खाली टपरीवर तुम्ही टेकलात तेव्हा मला तुमच्या पाठीवर सायकलच्या ट्यूबने आडवी बांधलेली माझ्या जुन्या मापाची 140 ची जोडी दिसली. सकाळपासून ती तुमच्या पाठीवर होती. गोंडोलात, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारमध्ये, स्की बाहेरच्या खाचेत तुम्हीच लावल्यात, उतारावर सतत माझ्या मागेच राहिलात, मला दिसणार कशी? मी विचारलं, ही कशाला? तुम्ही चहात रोटी बुडवत म्हणालात, "वरती घाबरली असतीस तर?" एवढंच. लगेच भाच्याला फोन लावून दुकानात गिऱ्हाईक आहे का विचारायला लागलात.

सायकल शिकवणारे मागचा हात गुपचूप सोडतात. तुम्ही गुपचूप धरून ठेवला होता. आपल्या आसपास "मी सांगितलं होतं ना" म्हणायला टपलेली माणसं इतकी असतात, की कुणी आपली फजिती होऊ नये म्हणून साठीच्या पुढे पाठीवर ओझं वाहतं हे बघून मला चहा गिळवेना. तुम्हाला वाटलं चहा खारट लागला म्हणून. राहू दे तसंच.

भाडं तुम्ही एकाच जोडीचं घेतलंत. मी वाद घातला, तुम्हाला ऐकू आलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत येते आहे. 154 बाजूला काढून ठेवा, 140 कुणा पोरीला द्या. वजन या वेळी पहिल्या फटक्यात खरं सांगेन, फक्त नवऱ्यासमोर विचारू नका.

तुमची,
ठाण्याची दीदी