भीतीला आजार म्हटले की प्रश्न सुटतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या बंदुकांच्या वादात, बंदुकीची भीती बाळगणाऱ्याला चिकटवलेला 'हॉप्लोफोबिया' हा शब्द नेहमी कानावर येतो. उद्या कुणी त्याचे मराठीत 'शस्त्रभयगंड' करील आणि वाचणाऱ्याला ते वैद्यकातलेच नाव वाटेल, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मुलीकडे टेक्सासला काही महिने राहिले होते. नातू एका वर्गमित्राच्या घरी खेळायला जाणार होता. मुलीने आधी फोन करून विचारले, "तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?" पलीकडचे गृहस्थ हसले आणि म्हणाले, तुम्हाला हॉप्लोफोबिया झालाय. विचारले होते कुलपाबद्दल, त्याचे उत्तर मिळालेच नाही. मुलगी मात्र दिवसभर, आपण काही वेडेवाकडे बोललो का, म्हणून खंतावत राहिली. मला त्याचा फार राग आला, अजून येतो.

हा शब्द कुणा मानसोपचारतज्ज्ञाचा नाही. जेफ कूपर हे अमेरिकी मरीन दलातले माजी अधिकारी आणि नावाजलेले नेमबाजी प्रशिक्षक. त्यांनी १९६२ मध्ये ग्रीक शब्दावरून तो बनवला. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत तो नाही. याच कूपर यांनी बंदूक हाताळण्याचे चार नियम घालून दिले, ते जगभर शिकवले जातात. त्यातला पहिलाच नियम असा, की प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. हा नियम भीतीतूनच आला आहे, फक्त त्या भीतीला शिस्त लावलेली आहे. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये पॉइंट टू टू रायफल हातात देण्याआधी आमच्या उस्तादांनी हेच शिकवले होते. मोकळ्या रायफलची नळीसुद्धा चुकून मैत्रिणीकडे वळली, तर मैदानाला फेरी मारावी लागे. कोकणात पावसाळ्याच्या रात्री अंगणात उतरताना विजेरी लागतेच, म्हणून सापाच्या भीतीने पछाडलेला असे कुणी कुणाला म्हणत नाही.

मुलीची भीती हवेतली नव्हती. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात ४८,८३० माणसे बंदुकीने मेली, त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या. २०२० पासून तिथल्या एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हेच आहे. एवढे माहीत असलेल्या आईने फोन करायचा नाही, तर काय करायचे?

बंदूक बाळगणाऱ्यांचीही बाजू आहे. रानोमाळ एकट्या घरात राहणाऱ्याला, जिथे पोलीस पोचायला तास लागतो, तिथे ती आधार वाटते. त्याला कुणी माथेफिरू म्हटले तर तेही मला तितकेच चुकीचे वाटते.

आपल्याकडे हा वाद झालेला आहे, आणि तो कसा करायचा हे आपल्या थोरांनी दाखवले आहे. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणूस निःशस्त्र झाला, याची चीड काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात उतरली आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात आला. त्याचाच आधार घेऊन, हा हक्क घटनेत यावा म्हणून डिसेंबर १९४८ मध्ये सदस्य ह. वि. कामथ यांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना मुद्द्याने उत्तर दिले, ते असे: कराचीच्या वेळची परिस्थिती आता राहिलेली नाही. सराईत गुन्हेगारही याच हक्कावर बोट ठेवील. आणि नागरिकाच्या हक्कापेक्षा, देशाला गरज पडेल तेव्हा शस्त्र धरण्याच्या त्याच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा. दुरुस्ती फेटाळली गेली. त्यासाठी कामथांच्या किंवा बाबासाहेबांच्या मनाची तपासणी कुणाला करावी लागली नाही.

आपल्या दैनिकात हा शब्द छापायची वेळ आलीच, तर तो एका नेमबाजी प्रशिक्षकाने बनवलेला आहे, एवढे शेजारी छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण