नव्या वर्षाचं वचन आणि खरड छाटणी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

नाताळात तुमच्या पेपरनं सांगली-मिरजेच्या चर्चचे फोटो छापले, गव्हाणी, चांदणी, केक, सगळं छान आलं, आमच्या गल्लीतल्या पोरांनी कापून फ्रिजवर पण चिकटवलंय. पण मी दरवर्षी बघते, पंचवीस तारीख झाली की ख्रिस्ती माणूस पेपरातून जो गायब होतो तो थेट गुड फ्रायडेलाच उगवतो. मधे ३१ डिसेंबरची रात्र असते ती कुणाला माहितीच नसते. आमच्यात तिला वॉचनाईट म्हणतात. रात्री दहाला उपासना चालू होते, बारा वाजायच्या आधी दिवे कमी करतात, माणसं गुडघ्यावर येतात, आणि बाहेर फटाके वाजायला लागले की कळतं साल बदललं. मग घंटा, मग गळाभेट, मग चहा. पद्धत जुनी आहे, इंग्लंडात मेथॉडिस्ट लोकांनी १७४० च्या आसपास धरली, त्याच्या आधी जर्मनीतले मोरेव्हियन पंथाचे लोक करत होते. आता या रात्री जे प्रवचन होतं, आणि त्यात नव्या सालासाठी म्हणून बायबलातली एखादी ओळ, म्हणजे वचन, जाहीर करतात, त्याबद्दल मला लिहायचंय, आणि थोडं आमच्याच लोकांच्या विरोधात लिहायचंय, म्हणून खाली नाव घातलेलं नाही, राग मानू नये.

मी मिरजेची, नर्सिंगमधून रिटायर झालेली. माझा धाकटा भाऊ तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग करतो.

२०१९ साल आपल्याकडं कुणी विसरणार नाही. ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर, निम्मी सांगली पाण्यात, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस, तो पण नेमका फळछाटणी झाल्यावर, कोवळ्या फुटीवर. भावाच्या बागेत दावण्या रोग आला, घडकुज झाली, रोज औषध, तरी निम्मा माल गेला. त्या ३१ डिसेंबरला मला नाईट ड्युटी होती. भाऊ आमच्या चर्चला न येता एका हॉलमधल्या सभेला गेला, बाहेरून कुणी वक्ते आले होते, नाव घेत नाही. रात्री एकला वॉर्डात त्याचा फोन. आवाज एकदम हलका. म्हणाला, अक्का, यंदाचं वचन मिळालं, २०२० म्हणजे वीस-वीस, दोनदा वीस, म्हणजे सगळं दुप्पट, गेलेलं सगळं दुपटीनं परत येणार. आणि दुप्पट पाहिजे तर पेरलं पण पाहिजे म्हणून त्यानं औषधाच्या दुकानाची उधारी भागवायला ठेवलेले अकरा हजार पाकिटात घालून दिले. मी काय बोलणार, मला सलाईन बदलायचं होतं.

पुढं काय झालं ते सांगायला नको. मार्चमध्ये माल तोडायला आला आणि लॉकडाऊन लागला, कोरोनामुळं इस्लामपूरचं नाव रोज टीव्हीवर, व्यापारी फिरकेना, तोडायला मजूर मिळेना. राहिलेल्या मालाचा बेदाणा केला, शेड पण दुसऱ्याची. आणि त्या सभेतल्या माणसाला त्यानं फोन केला तर उत्तर आलं, तुमचा विश्वास कमी पडला.

हे वाक्य मला सहन होत नाही साहेब. पीक गेलं हे एक झालं, पण पीक गेलेल्या माणसालाच वर सांगायचं की तुझ्यामुळं गेलं! पाऊस त्याच्यामुळं पडला का? लॉकडाऊन त्यानं लावला का? बरं मग ज्याची बाग वाचली त्याचा विश्वास मोठा होता का, तर आमच्या शेजारच्या बांधावरचा ज्याची वाचली तो चर्चला पण जात नाही न् देवळात पण जात नाही, त्यानं प्लॅस्टिक टाकलं होतं एवढंच.

मला प्रश्न पडला की हे येतं कुठून, कारण बायबल आम्ही पण लहानपणापासून वाचतो, शब्बाथ शाळेत वचनं पाठ केलीत. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर सगळ्यात जास्त वेळा कुठलं वचन छापतात बघा, यिर्मया संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या, पुस्तकातल्या २९ व्या अध्यायातलं अकरावं, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला भावी सुखाची आशा द्यावी असे आहेत, अशा अर्थाचं. गोड वचन आहे. पण त्याच्या लगेच आधीचं, दहावं, कॅलेंडरवर कोण छापत नाही. त्यात लिहिलंय सत्तर वर्षं. म्हणजे बाबेलात, बॅबिलोनात, पकडून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मयाचं पत्र आहे ते, आणि त्यात सरळ सांगितलंय की सत्तर वर्षं भरल्यावर परत आणीन. ऐकणाऱ्यातले निम्मे तोपर्यंत मेलेले असणार! मग तोपर्यंत काय करायचं, तर पाचव्या वचनापासून वाचा, घरं बांधा, मळे लावा, पोराबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच शहराचं भलं चिंता.

त्याच्या आधीचा अध्याय तर आणखी भारी आहे. हनन्या म्हणून एक संदेष्टा उभा राहतो आणि सगळ्यांसमोर जाहीर करतो की दोन वर्षांत, फक्त दोन वर्षांत, सगळं परत येणार. लोकांना किती बरं वाटलं असेल. यिर्मया काय म्हणतो, तर आमेन, परमेश्वर असंच करो. मला ती जागा फार आवडते, म्हणजे त्याला पण वाटत होतंच की हे खरं व्हावं, तो काय खडूस माणूस नव्हता. पण ते खरं नव्हतं. आणि दोन वर्षांचा वायदा करणारा हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. ३१ डिसेंबरला माईक हातात घेणाऱ्यानं हे दोन अध्याय लागोपाठ वाचून मग उभं राहावं.

आता अपेक्षा हा शब्द घ्या. आमच्या सभांच्या बोर्डावर हल्ली लिहितात, मोठ्या अपेक्षेने या. मराठीत अपेक्षा म्हटलं की मला लग्नाचा बायोडेटा आठवतो, शेवटची ओळ, अपेक्षा: उंच, नोकरदार, पुणे. देवाला पण आपण तसलीच यादी पाठवायची का? बायबलात जागोजागी येतो तो शब्द आशा, आणि वाट पाहणे. स्तोत्र १३० मध्ये आहे की पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यापेक्षा माझा जीव प्रभूची जास्त वाट पाहतो. हे वचन ज्यानं नाईट ड्युटी केलीय त्याला समजावून सांगावं लागत नाही. मी कित्येक ३१ डिसेंबर वॉर्डात काढलेत. पहाट होणारच असते, त्यात शंका नसते, तुम्ही घड्याळाकडं बघितलं म्हणून लवकर होत नाही, आणि वाट बघणं म्हणजे खुर्चीवर बसणं पण नसतं, दोनला बीपी, चारला इंजेक्शन, पाचला कुणाला तरी पाणी पाहिजे असतं.

आणि द्राक्षाचं तर काय सांगू. येशूनं म्हटलंय मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे, योहान १५. पुढं आहे की जो फाटा फळ देतो त्याला तो अजून फळ यावं म्हणून साफसूफ करतो. हे मी शंभर वेळा ऐकलंय पण शहरातल्या प्रवचनात साफसूफ म्हणजे काहीतरी फडक्यानं पुसल्यासारखं वाटतं. तासगावात एप्रिलमध्ये येऊन बघा एकदा. माल निघाल्यावर खरड छाटणी करतात, सगळी काडी कापून वेल नुसता बोडका, खुंट्या ठेवतात. ज्याला माहिती नाही त्याला वाटेल बाग मोडली. मग उन्हात नवी काडी येते आणि त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, मे-जूनच्या दरम्यान पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात त्याला, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. ऑक्टोबरात फळछाटणी झाल्यावर जो घड बाहेर पडतो तो उन्हाळ्यातच आत बसलेला असतो. भाऊ म्हणतो की ऑक्टोबरात तू कितीबी औषध मार, उन्हाळ्यात घड बसला नसंल तर नुसता पालाच येणार. आमच्याकडं आत्मिक वाढ म्हणून जे सांगतात ते मला इतकं साधं कुणी सांगितलं नाही. बायबलातल्या इब्री ११ मध्ये विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी असं आहे ते मला त्या डोळ्यावरनं कळलं, आणि १ जानेवारीला सगळे साक्ष द्यायला उभे राहतात, मला गाडी मिळाली, मला प्रमोशन मिळालं, तेव्हा मला वाटतं की ज्याची खरड छाटणी चाललीय तो कुठल्या बाकावर बसलाय बघा जरा, तो मागं दाराजवळ असतो.

साताऱ्याचं एक उदाहरण देते कारण ते आपलं घरचं आहे. कवी रेव्ह. नारायण वामन टिळक १९१७ साली मिशनचा ठरलेला पगार सोडून साताऱ्यात आले आणि देवाचा दरबार काढला. वय पंचावन्न. तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो म्हणणारा माणूस तो, त्यांना असं वाटत होतं की जातीचं पंथाचं कुंपण न घालता सगळ्यांनी बसावं. आणि १९१९ च्या मे महिन्यात गेले. दोन वर्षं मिळाली फक्त. दुप्पट-तिप्पटच्या हिशोबानं बघितलं तर फेल गेलेला माणूस. त्यांनी लिहायला घेतलेलं ख्रिस्तायन, ख्रिस्ताच्या चरित्राचं काव्य, पण अपुरं राहिलं, ते पुढं कुणी लिहिलं तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लग्नानंतर अक्षरओळख झाली. पेरलं एकानं, खळं केलं दुसरीनं. त्यांच्या त्या दोन वर्षांना कुणी म्हणेल का विश्वास कमी पडला?

सगळेच प्रवचनकार तसले आहेत असं माझं म्हणणं नाही, नाहीतर उद्या आमच्या पाळकसाहेबांचा फोन येईल. यंदा त्यांनी लूक १३ मधला अंजिराच्या झाडाचा दाखला घेतला. मालक तीन वर्षं फळ बघायला येतोय आणि झाडाला काही नाही, म्हणतो तोडून टाक, उगाच जागा अडवलीय. माळी म्हणतो, साहेब एवढं वर्ष राहू द्या, मी भोवतीनं खणतो, खत घालतो, मग बघू. झालं, वीस मिनिटांत संपवलं. पुढच्या वर्षी फळ आलं का नाही ते दाखल्यात सांगितलेलंच नाही, हे पण त्यांनी सांगितलं आणि खाली बसले. बाहेर चहाला दोघंतिघं म्हणत होते की यंदा जोर नव्हता, वचन पण जाहीर केलं नाही. मला मात्र वर्षभराचं काम मिळाल्यासारखं झालं. खत कुठं कमी पडलंय ते मला माहिती आहे, माझं नणंदेशी सहा वर्षं बोलणं नाही.

तर माझं म्हणणं दोन ठिकाणी आहे. एक आमच्या सभा घेणाऱ्यांना, की कृपा करून साल बघून आकडे जुळवू नका, आणि पाकीट घेतलं तर निदान मार्चमध्ये फोन उचला. तुम्ही म्हणाल विश्वासानं मोठं मागू नये का, मागावं की, मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरे असं स्वतः येशूनं म्हटलंय, पण दाणा जमिनीत जातो, पाकिटात नाही. आणि दुसरं तुम्हाला संपादक साहेब. तुम्ही १ जानेवारीला आख्खी पुरवणी राशिभविष्याची काढता, मी पण वाचते हो, तूळ, यंदा प्रवासयोग आहे म्हणे, गुडघ्यानं जिना चढवत नाही आणि प्रवासयोग. त्यातलं अर्धं पान कधीतरी असल्या साध्या प्रवचनाला द्या. ख्रिस्ती लोकांसाठी म्हणून नाही, द्राक्षवाल्यांनी वाचलं तरी त्यांना कळेल, कदाचित आमच्यापेक्षा जास्तच कळेल.

भाऊ यंदा आमच्या चर्चला आला होता, मागच्या बाकावर. मण्यात पाणी उतरायला लागलंय, थंडी बरी आहे, भुरी रोगाचं तेवढं बघावं लागतंय. घंटा झाली तशी चहा न घेता निघाला, सकाळी सहाला औषध फवारायचा ब्लोअर लावायचा होता. महिला मंडळानं वचनाच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या, त्याची माझ्या हातात कोंबून गेला, म्हणाला, अक्का तुझ्याकडं ठेव, माझा चष्मा बागंत राहिलाय. ती अजून माझ्या पर्समध्येच आहे.

पत्र लांबलं ते कळतंय. कापायचं झालं तर हनन्या आणि टिळकांचं राहू द्या, राशिभविष्याचं कापलं तरी चालेल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त सिस्टर, मिरज