पाणी लागलं म्हणून बोटीची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

दि. ८ जून
कोल्हापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतल्या जेट बोटीचं इंजिन सुरू होत नाही, त्याबाबत आपल्याकडून मिळालेल्या उत्तराविरुद्ध तक्रार

महोदय,

आमच्या तालीम मंडळाने गेल्या दिवाळीत आपल्या कंपनीची लहान जेट बोट विकत घेतली. गणेशोत्सवात डॉल्बी न लावता वाचवलेली वर्गणी या बोटीत घातली आहे. बोट हौसेची नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतली माणसं तेव्हा बोटींतून बाहेर काढावी लागली. बुडालेले उसाचे फड, पाण्याखालचं कुंपण, कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसं, अशा ठिकाणी उघड्या पंख्याची बोट न्यायची म्हणजे जिवाशी खेळ. जेटचा इंपेलर, म्हणजे पाणी मागे फेकणारा पंखा, आत असतो, म्हणून जास्त पैसे मोजून ही बोट घेतली.

आता मृग लागला आहे आणि बोट शेडमध्ये उभी आहे. स्टार्टर जोरात फिरतो, इंजिन स्टार्ट घेत नाही.

आपल्या हेल्पलाइनवरच्या गृहस्थांनी आधी बॅटरी सांगितली. बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवते आणि स्टार्टर मारताना १०.८ च्या खाली जात नाही. मग ते म्हणाले, पंपात जलपर्णी अडकली असेल. पंचगंगेत जलपर्णीची वाण नाही हे खरं, पण जाळी काढून पाहिली, इंपेलरमध्ये काही अडकलेलं नाही. आणि तो अडकला असता तर स्टार्टरही असा फिरला नसता. मग सल्ला आला की इंजिन थंड ठेवायला पाइप जोडून आधी पाणी सोडा आणि मग स्टार्टर मारत राहा. हे मात्र आम्ही केलं नाही. आपल्याच माहितीपुस्तिकेत उलटं छापलं आहे: आधी इंजिन चालू, मग पाणी, बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. बंद इंजिनला पाणी सोडलं तर ते एक्झॉस्टमधून मागे सिलिंडरमध्ये शिरू शकतं. पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. हेल्पलाइनवर बसवलेल्या माणसाला निदान स्वतःच्या कंपनीची पुस्तिका वाचायला द्यावी, ही विनंती.

शेवटी ‘तुमच्याकडचं पेट्रोल खराब’ असा निकाल देऊन फोन ठेवण्यात आला.

आमच्या मंडळातली निम्मी पोरं उद्यमनगरातल्या कारखान्यांत कामाला आहेत. त्यांनी प्लग काढले. दोन्ही पेट्रोलने ओले, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतंय. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, दोन्हीकडे सारखं, १२० पीएसआयच्या वर. प्लग इंजिनच्या धातूला टेकवून स्टार्टर मारला तर ठिणगी नाही. नवे प्लग घातले, तरी नाही. आमचा एक मिस्त्री म्हणाला, “ठिणगीच न्हाई, मग पेट्रोलला कशाला शिव्या घालायच्या?” त्याने पुढे जाऊन स्टॉप स्विचची वायर ठिणगी देणाऱ्या इग्निशन मॉड्यूलपासून सोडवली, आणि लगेच दोन्ही प्लगवर निळी ठिणगी आली.

म्हणजे दोष सापडला. चालकाच्या मनगटाला दोरी असते, तिची क्लिप या स्विचमध्ये बसते. क्लिप निघाली की स्विच इग्निशनची वायर अर्थ करतो, ठिणगी थांबते आणि इंजिन बंद पडतं. क्लिप बसलेली असताना हा संपर्क तुटलेला असायला हवा. आमच्या बोटीत क्लिप असो वा नसो, मल्टिमीटर संपर्क दाखवतो. स्विच उघडला तर आत हिरवा गंज आणि पाण्याचे थेंब. वायर आत शिरते तिथलं रबरी सील एका बाजूला बसलेलंच नाही. कारखान्यातून ते तसंच आलं आहे.

याचे फोटो आणि व्हिडिओ पाठवल्यावर आपलं लेखी उत्तर आलं: “पाण्याच्या संपर्कामुळे विद्युत भागांत झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही.” साहेब, ही बोट आहे. ती पाण्यात चालते. तिच्या हँडलवरच्या स्विचवर पाणी उडणार नाही अशी जागा आपल्या माहितीत असेल तर कळवावी, आम्ही तिथे चालवू. त्याच पत्रात स्विच सुटा मिळत नाही, संपूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, घ्यावा लागेल, असं सांगून ३८,५०० रुपयांचं कोटेशन जोडलं आहे. सीलची चूक आपली आणि हार्नेसचं बिल आमचं, हे आम्हाला मान्य नाही.

आपल्या सर्व्हिस सेंटरमधून खासगीत असंही सुचवण्यात आलं की ती वायर सोडूनच ठेवा, बोट चालेल. चालेल, हे आम्हालाही माहीत आहे. पण या बोटीला न्यूट्रल नाही. इंजिन चालू आहे तोवर इंपेलर फिरतो आणि बोट ढकलली जाते. पुराच्या ओढीत चालक पाण्यात पडला तर बोट त्याला सोडून निघून जाईल, नाहीतर वळून त्याच्याच किंवा आत बसलेल्यांच्या जिवावर उठेल. हा सल्ला देणाऱ्याने तो लिहून द्यावा. आम्ही अशी बोट पाण्यात घालणार नाही.

पेट्रोलचं अजून एक. आपली पुस्तिका १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल चालणार नाही म्हणते. पंपावर आज २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि पाणी वाढलं की त्याच्यासकट टाकीच्या तळाशी बसतं, म्हणून बोट उभी करताना आम्ही टाकी रिकामी करतो. टाकीतला नमुना काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून पाहिला, थर धरला नाही. तरी या इंजिनाचे होज आणि कार्ब्युरेटरचे पडदे २० टक्क्यांना टिकतात का, हे विकताना सांगायला हवं होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल, त्याला आम्ही नाही कसं म्हणणार!

आमची मागणी अशी की सील नीट बसवलेला नवा स्टॉप स्विच विनामूल्य, आपल्या माणसाने कोल्हापुरात येऊन, पंधरा दिवसांच्या आत बसवावा आणि नंतर दोरी ओढून इंजिन बंद पडतं हे आमच्यासमोर दाखवावं. बोट ट्रेलरवर घालून पुण्याला आणा, हा पर्याय पावसाच्या तोंडावर आम्हाला चालणार नाही. वॉरंटी नाकारणारं पत्र लेखी मागे घ्यावं आणि पेट्रोलच्या प्रश्नाचं उत्तरही लेखीच द्यावं.

मुदतीत काही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आम्ही कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. तक्रारदार राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची सोय त्या कायद्यात आहे, त्यामुळे आपल्या वकिलांना इकडे यावं लागेल.

आपला,
सचिव, तालीम मंडळ
कोल्हापूर

सोबत: बिलाची आणि वॉरंटी कार्डाची प्रत, आपलं नकाराचं पत्र, हार्नेसचं कोटेशन, स्विचचे फोटो. स्विच आमच्याकडे पिशवीत सील करून ठेवला आहे. आपल्या माणसाने पाहावा, पण नवा बसेपर्यंत नेऊ नये.