सही माझीच होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेस्टॉरंटमधल्या कामगारांना ताण येतो, त्यांनी ध्यान करावं, मन मोकळं करावं, असे सल्ले वाचनात येतात. चौदा वर्षं मॅनेजरकी केल्यावर मला वाटतं, आधी ड्युटी चार्ट बघावा.

एका शनिवारी ऐन गर्दीत एक वेटर दिसेना. कोल्ड रूममध्ये उलट्या क्रेटवर बसला होता. रडत नव्हता, नुसता ऑर्डर पॅडची कड नखाने सोलत होता. मी म्हणालो, "घरचं टेन्शन घरी ठेवून येत जा." तो उठला, तोंडावर पाणी मारलं आणि हसत सात नंबरच्या टेबलावर गेला. पोरगा पक्का आहे, असं मला तेव्हा वाटलं!

रात्री सहज चार्ट पाहिला. दीडला क्लोजिंग, सकाळी आठला ओपनिंग, असे सलग चार दिवस. मधल्या साडेसहा तासांत येणं-जाणं, आंघोळ, झोप सगळं. खाली सही माझी. महिनाभरात तो सोडून गेला. त्याची माफी मागायची राहूनच गेली.

युरोपीय संघात कामगाराला २४ तासांत सलग ११ तास विश्रांती द्यावी लागते. मीही तेच माप धरलं. क्लोजिंग केलेल्याला दुसऱ्या दिवशी ओपनिंग नाही. चार्ट दहा दिवस आधी लागतो. दुपारी तीन तास लटकवून ठेवणारी ब्रेक शिफ्ट एकाच्याच माथी येत नाही. गिऱ्हाईक शिवीवर आलं की वेटर मागे होतो, पुढे मी जातो. जादा माणसाचा खर्च मालकांना पटेना. वर्षभरात किती जण सोडून गेले आणि नवे तयार करण्यात किती दिवस गेले, ते वहीतून दाखवलं, तेव्हा कुठे मान हलली.

मानसिक आरोग्यासाठी मॅनेजरनाही प्रशिक्षण द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सुचवलं आहे. मला ते कुणी दिलं नाही. मध्यंतरी भांडी घासणारा एक जण "जगून काय करू" म्हणाला, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. उपदेश केला नाही. त्याच्याशेजारी बसून राहिलो आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तीन आठवडे त्याच्या जागी कुणाला कायम केलं नाही. तो परत आला, तेव्हा त्याचा एप्रन त्याच खिळ्याला होता.

आपला,
एक रेस्टॉरंट मॅनेजर